गोष्ट आपली, बस्ता कुणाचा?

(पिंपळनेर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या मोबाईलवरच्या मालिका’ असा विषय छापला आहे. सकाळी चहा घेताना एक मावशी मला म्हणाल्या, “ताई, वनहक्काचे दावे पडून आहेत, रेशनची रड आहे, दारूचं तर विचारूच नका. त्यात हा मालिकांचा विषय कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीची गोष्ट सांगून देणार आहे. पण त्याआधी थोडी मागची हकिगत सांगायला हवी.

साक्री तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात मी दहा-अकरा वर्षं काम करते आहे. मी आले तेव्हा पाड्यावर एखाद्याच घरी टीव्ही असायचा. बाया त्या घरी जमायच्या, मालिका बघता बघता सासूला नावं ठेवायच्या, हसायच्या. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं, आणि दोन-तीन वर्षांत चित्र पालटलं. आता कांदे काढून आलेली बाई चुलीजवळ डब्याला टेकवून मोबाईल उभा करते आणि भाकरी थापता थापता एकटीच बघते. अहिराणी गाणी बघते, मालेगावकडच्या ‘छोटू दादा’चे विनोदी व्हिडिओ बघते, बारामतीकडची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ बघते. याचं मला वाईट वाटत नाही. आपल्यासारखी बोलणारी, आपल्यासारखी दिसणारी माणसं पडद्यावर यायला फार वर्षं लागली. ती आली, हे चांगलंच झालं.

पण एक गोष्ट आपण विचारत नाही. ही मालिका बघायला आपण पैसे देत नाही. मग कलाकारांचे, कॅमेऱ्याचे, गाडीभाड्याचे पैसे कोण देतं?

पूर्वी मालिका थांबायची, जाहिरात लागायची, आणि आपण तेवढ्यात उठून गाईला चारा टाकून यायचो. म्हणजे गोष्ट कुठली आणि जाहिरात कुठली, हे अडाणी बाईलाही कळत होतं. आता जाहिरात गोष्टीच्या पोटात शिरली आहे. कंपनी सगळ्या मालिकेचा किंवा एका भागाचा खर्च उचलते. मग नायक तिचीच गाडी चालवतो, नायिका तिच्याच डब्यातलं मलम लावते, आणि घरात भांडण झालं की समेटाच्या वेळी तिच्याच चहाचं पुडकं ओट्यावर दिसतं. चारा टाकायला उठायचं कधी, हेच कळत नाही.

ही युक्ती नवी नाही. मी एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हा संवादमाध्यमांच्या तासाला आम्हाला हे शिकवलं होतं. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत दुपारच्या वेळी, घरातल्या बायका कामात असताना, रेडिओवर कौटुंबिक मालिका लागायच्या. त्यांचा खर्च साबण बनवणाऱ्या कंपन्या करायच्या, म्हणून अशा मालिकांना ‘सोप ऑपेरा’ असं नाव पडलं. म्हणजे या गोष्टींचा जन्मच बाईच्या धुण्याच्या बादलीपाशी झाला.

आपल्याकडे दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती घ्यायला सुरुवात झाली, आणि ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा प्रचार झाला होता, तो नमुना समोर ठेवून सरकारने ही मालिका काढली. तिला प्रायोजक मिळाली ती मॅगी नूडल्स. मालिका गाजली, मॅगी घरोघर पोचली, पण कुटुंबनियोजनाचा विषय सुरुवातीच्या भागांनंतर पातळ होत गेला. लोकांना उपदेश नको होता, हेही त्याचं एक कारण होतं. त्या मालिकेतली आई भागवंती ही सगळं मुकाट्याने सोसणारी. अशी आई असू नये, हे दाखवण्यासाठी ती रंगवली होती. पण मालिकेवर अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. हेतू चांगला असला म्हणजे गोष्ट आपोआप बाईच्या बाजूची होते, असं नाही. हे तेव्हाच आपल्याला कळायला हवं होतं.

मोबाईलच्या काळात हेच नव्याने आणि जास्त उघडपणे सुरू झालं. २०१४ साली टीव्हीएफ या मंडळींनी ‘पर्मनंट रूममेट्स’ ही हिंदी मालिका यूट्यूबवर आणली, तिचा प्रायोजक होती घर शोधून देणारी कॉमनफ्लोर ही कंपनी. २०१५ मध्ये ‘पिचर्स’ आली, तिच्यामागे किंगफिशर होतं. २०१६ मध्ये ‘ट्रिपलिंग’ आली. तीन भावंडं गाडी घेऊन प्रवासाला निघतात अशी ती गोष्ट, आणि गाडी टाटाची टियागो. मालिका चांगल्या होत्या, मीही आवडीने पाहिल्या. पण ‘पिचर्स’पाशी थांबून विचार करा. दारूच्या जाहिरातीला केबल टीव्हीवर १९९४ च्या नियमांनी बंदी आहे. मोबाईलवरच्या मालिकेपर्यंत तो नियम पोचत नव्हता. नोकरी सोडून धंदा उभा करू पाहणारी चार हुशार पोरं त्या गोष्टीत आहेत, आणि त्यांच्या दोस्तीत, हिमतीत बियर मिसळलेली आहे. इथे आपण आडव्या बाटलीसाठी बायांच्या सह्या गोळा करत उन्हातान्हात फिरतो, मतदानाच्या दिवशी मारझोडीची भीती घेऊन बायांना घराबाहेर काढतो. आणि तिकडे उभी बाटली आपल्या पोरांच्या हातातल्या मोबाईलमधून, मित्रासारखी, घरात येऊन बसते. तिच्याविरुद्ध मतदान कुठे करायचं?

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं होईल. २०१६ मध्ये ब्रुक बाँड रेड लेबल चहाच्या पैशातून सहा तृतीयपंथी कलाकारांचा ‘सिक्स पॅक बँड’ निघाला. ती मालिका नव्हती, गाणी होती. पण ज्यांना आपण दारात उभं करत नाही, त्यांना लोकांनी गाताना पाहिलं, ऐकलं. त्याला जागतिक जाहिरात क्षेत्रातलं मोठं पारितोषिकही मिळालं. कंपनीचा पैसा लागला म्हणून ती गाणी खोटी ठरत नाहीत. तेव्हा कंपनीचा पैसा म्हणजे विटाळ, असं मला म्हणायचं नाही.

मला म्हणायचं आहे ते वेगळं. प्रायोजक बहुधा गोष्टीला सरळ नाही म्हणत नाही. तो बाईचं दुःखही चालवून घेतो, पण ज्या दुःखावर त्याच्या दुकानात काही इलाज आहे तेवढंच. घर मिळत नाही? त्यावर कंपनी आहे. रंग सावळा आहे? त्यावर मलम आहे. नाव बदलून का होईना. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’तला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला, डबी राहिलीच. पण घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव नाही, यावर कुठलं उत्पादन आहे? ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल नवऱ्याच्या हातात पडते, यावर कोण साबण विकणार? अशा गोष्टीला प्रायोजक मिळत नाही. मिळालाच, तर शेवट बदलून मिळतो. हे मला कसं कळलं, ते आता सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या बाया आणि किशोरी गटातल्या मुलींनी ठरवलं, की आपणही मोबाईलवर मालिका काढायची. पाच भाग, दहा-दहा मिनिटांचे, अहिराणीत. गोष्ट त्यांनीच रचली. दहावीतली पोर. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जाणार. तरणी पोर मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर, म्हणून घाईने तिचं लग्न ठरतं. ती अंगणवाडी ताईंना सांगते, ताई ग्रामसेवकाला सांगतात, लग्न थांबतं. शेवटी आईबाप गाडीत बसून जातात आणि पोर मावशीकडे राहून परीक्षेला बसते. तिच्या तोंडी एकच वाक्य होतं, मुलींनी स्वतः लिहिलेलं, की मला नर्स व्हायचं आहे. एवढीच गोष्ट. आपल्या जिल्ह्यात अठराच्या आत किती लग्नं होतात, हे तुम्हाला आकडे सांगून पटवायची गरज नाही. तुमच्यापैकी अर्ध्याजणी त्यातूनच आलेल्या आहात.

अडचण पैशांची होती. चित्रीकरणाच्या दिवशी बाईची मजुरी बुडते. तोवर आम्ही पथनाट्य असो की मोर्चा, बायांकडून सगळं फुकट करून घेत आलो होतो, ‘चळवळीचं काम’ म्हणून. हीही आपली एक खोड आहे, आणि तीही बोलायला हवी. तेव्हा एका कापड दुकानाच्या मालकांनी वीस हजार रुपये देऊ केले, तेव्हा बायांना आनंद झाला. प्रत्येकीला दिवसाचे पाचशे रुपये मिळणार होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नाटकाला कुणी मजुरी देत होतं.

शेठ बोलायला सभ्य होते. बालविवाहाच्या विरोधात मीही आहे, म्हणाले. फक्त त्यांची एक विनंती होती. “ताई, आमचा धंदा लग्नसराईचा. मोडलेलं लग्न दाखवून आमच्या दुकानाचं नाव खाली कसं लिहायचं? तुम्ही असं करा, पोर अठरा वर्षांची होऊ द्या, आणि मग तिचं लग्न दाखवा. बस्ता आमच्याकडून.”

मी विचार केला, यात चुकीचं काय आहे? कायद्याने अठरा पूर्ण झाल्यावर लग्नाला हरकत नाही. बायांशी बोलले, त्याही हो म्हणाल्या. शेवटचा भाग बदलला. दोन वर्षांनी तोच मुलगा, तेच घर, फक्त आता पोर अठराची, दुकानातला शालू नेसून बोहल्यावर. भाग लांबला म्हणून नर्स व्हायचं वाक्य मीच कापलं. मी स्वतः. शेठनी ते कापायला सांगितलं नव्हतं.

पाड्यावर चादर बांधून आम्ही पाचही भाग दाखवले. पहिल्या चार भागांना बाया हसल्या, रडल्या, मुकादमाला शिव्या घातल्या. पाचवा भाग संपला आणि सगळ्या गप्प. मग एक म्हातारी उठता उठता एवढंच म्हणाली, “हाई आपली पोर नही शे.” ही आपली पोर नव्हे. मला वाटलं, म्हातारीला मोबाईलचं कळत नसेल.

पुढचं ऐका. महिन्याभरात दुकानाने शेवटच्या भागातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापला, त्यावर सनईचा सूर घातला, खाली ‘लग्नाचा बस्ता’ अशी अक्षरं टाकली आणि तो सगळीकडे पाठवला. मागची गोष्ट गेली, ग्रामसेवक गेला, अंगणवाडी ताई गेल्या. उरली फक्त शालू नेसून लाजणारी मुलगी. आणि ते काम करणारी मुलगी खरी सतरा वर्षांची होती, बारावीत शिकणारी. बालविवाहाच्या विरोधात आम्ही मालिका काढली, आणि तिच्यातून काय निघालं? अठरा पूर्ण न झालेल्या मुलीची नवरीच्या वेशातली जाहिरात.

नातेवाइकांनी ती पाहिली. पंधरा दिवसांत दोन स्थळं आली. पोर नवरी म्हणून उभी राहिली, मग लग्नाला नाही कशाला म्हणते, असं तिच्या काकांचं म्हणणं. मुलगी गटात यायची बंद झाली. मी घरी गेले तेव्हा तिची आई मला बसा म्हणाली नाही. म्हणाली, “ताई, अठराच्या आधी लग्न नको, हे तुम्हीच सांगता. आणि माझ्या पोरीला शालू तुम्हीच नेसवला.” मग अहिराणीत हळूच विचारलं, “पोरले इचारं का?” पोरीला विचारलं होतं का?

नव्हतं विचारलं. मी तिच्या आईला विचारलं होतं, गटाला विचारलं होतं. नवरीच्या वेशात तुझं चित्र दुकानाने वापरलं तर चालेल का, हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. दुकानात गेलो तर त्यांनी माझ्याच सहीचा कागद पुढे केला. त्यात एक ओळ होती, चित्रफितीचा प्रचारासाठी वापर करता येईल. मला वाटलं होतं, आपल्या मालिकेचा प्रचार. त्यांच्या दृष्टीने प्रचार म्हणजे दुकानाचा. शिकलेली मी, पण ओळ नीट वाचली नाही. शेवटी आमच्या बारा-तेरा बाया दुकानात जाऊन पायरीवर बसल्या तेव्हा तो तुकडा काढला गेला. लोकांच्या मोबाईलमध्ये जो गेला तो गेलाच. मुलीचं लग्न त्या वर्षी आम्ही होऊ दिलं नाही, तिची आई आमच्यासोबत खंबीर उभी राहिली म्हणून. मुलगी बारावी झाली, आता बाहेरगावी शिकते. पण तिने आमच्या कुठल्याच कामात पुन्हा भाग घेतला नाही, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी शेठला खलनायक ठरवायला सांगितली नाही. त्यांनी दुकान चालवलं. माझं काम गोष्ट राखायचं होतं, ते मी केलं नाही. आणि जे एका कापड दुकानाने वीस हजारांत केलं, ते मोठ्या कंपन्या कोट्यवधी रुपयांत, जास्त सफाईने करतात. तिथे म्हातारीला उठून बोलायला चादरही नसते आणि पाडाही नसतो.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगते. जाहिरात क्षेत्राची ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही स्वतःची संस्था आहे. तिने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर पैसे घेऊन केलेल्या प्रचारासाठी नियम काढले, की ही जाहिरात आहे हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रचार करणाऱ्याचं आणि कंपनीचं देण्याघेण्याचं नातं असेल तर ते उघड करावं, असं त्यात आहे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध १९८६ चा कायदा आहेच. पण या सगळ्यांतून फार तर ‘ही जाहिरात आहे’ एवढी पाटी मिळते. गोष्टीचा शेवट कुणी बदलला, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. ते आपल्यालाच ओळखावं लागेल.

म्हणून आमच्या गटाने आता काही अटी ठरवल्या आहेत. दुपारच्या गटचर्चेत त्यांवर बोला, कमी-जास्त करा.

एक, पैसे कुणाचे हे मालिकेच्या सुरुवातीलाच तोंडाने सांगायचं, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. दोन, गोष्टीचा शेवट गटाने ठरवलेला. त्यात देणगीदाराने बोट घालायचं नाही. तीन, चित्रफितीतला तुकडा काढून दुसरीकडे वापरायचा असेल तर त्यात दिसणाऱ्या प्रत्येकीची वेगळी लेखी परवानगी हवी, आणि तो कागद तिला तिच्या भाषेत वाचून दाखवायचा. चार, अठरा वर्षांखालची मुलगी कुठल्याही मालाच्या जाहिरातीत नाही. मालिकेत काम करायचं तर आधी तिला विचारायचं, मग आईबापांना. आणि तिने नको म्हटलं की तिथेच थांबायचं. पाच, काम करणारीला मजुरी द्यायचीच, पैसा प्रायोजकाचा असो की वर्गणीचा. सहा, दारू, तंबाखू आणि गोरेपणा विकणाऱ्यांचा पैसा घ्यायचा नाही.

दुसऱ्यांच्या मालिका बघतानाही तीन प्रश्न विचारायची सवय गटात लावा. हिचा खर्च कुणी केला? बाईचं दुःख शेवटी कशाने मिटलं, तिच्या हिमतीने, बायांच्या एकीने, की विकत आणलेल्या वस्तूने? आणि कुठली गोष्ट बोलायची राहून गेली? किशोरी गटात मी हे करून पाहिलं आहे. मुली पाच मिनिटांत चहाचं पुडकं शोधून काढतात. राहून गेलेली गोष्ट शोधायला वेळ लागतो, पण एकदा सापडली की मग गप्प बसवणं कठीण होतं.

आपल्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. सासरचा सगळा जाच त्या गाण्यांतून बोलून टाकतात. त्या गाण्यांना कुणी पैसे दिले नव्हते, म्हणून कुणाला विचारून गावं लागलं नाही. आता काळ बदलला, कॅमेऱ्याला पैसे लागतात, हे मी मान्य करते. म्हणून यंदा आम्ही वर्गणी काढली आहे, बाईमागे पन्नास रुपये. त्यातून त्याच मालिकेचा पाचवा भाग पुन्हा चित्रित केला. नवी मुलगी आहे, वीस वर्षांची. शेवटी आईबापांची गाडी जाते आणि ती परत फिरते. कापलेलं वाक्यही आता जागेवर आहे.

रात्री जेवणं झाल्यावर तो भाग याच मंडपात दाखवणार आहोत. त्या म्हातारीलाही बोलावलं आहे. सगळ्याजणी थांबा, आणि बघून झाल्यावर गप्प बसू नका.